मॅकग्रेगर, पाइक्स पीक आणि न बांधलेला किल्ला

मुळाकाठ

सीडर रॅपिड्सहून निघताना मी फोनवरील नकाशात ‘पाइक्स पीक’ एवढेच टाइप केले आणि नकाशाने तेरा तासांचा रस्ता समोर ठेवला. मागच्या सीटवरून सासऱ्यांनी ‘मग डबा पुरायचा नाही’ अशी शंका काढली, तेव्हा कुठे चूक लक्षात आली. आम्हाला आयोवातील पाइक्स पीक हवे होते आणि फोन आम्हाला कोलोरॅडोतील १४,११५ फुटी शिखराकडे पाठवीत होता. पूर्ण नाव घातल्यावर रस्ता दोन तासांवर आला.

दोन्ही ठिकाणांना नाव एकाच माणसाचे आहे, झेब्युलन पाइक याचे. घरी परतल्यावर त्याच्याविषयी वाचत गेलो आणि गंमत अशी दिसली, की या दोन्ही ठिकाणी तो जे करू पाहत होता ते दोन्हीकडे साधले नाही. म्हणून हा धागा काढत आहे.

आधी गावाविषयी. मॅकग्रेगर हे आयोवाच्या ईशान्य कोपऱ्यात, मिसिसिपीच्या पश्चिम काठावर, दोन उंच कड्यांमधल्या अरुंद घळीत वसलेले आहे. मुख्य रस्ता नदीपासून निघतो आणि घळीतून वर चढत जातो. त्याच्या दोन्ही बाजूंना एकोणिसाव्या शतकातील विटांच्या इमारती आहेत. त्यांची खिडक्यांवरची कमानदार नक्षी आणि छपराखालच्या कोरीव पट्ट्या पाहिल्या, की हे गाव कधीकाळी पैशात लोळत होते हे सांगावे लागत नाही. अलेक्झांडर मॅकग्रेगर याने १८३७ च्या सुमारास येथे तर, म्हणजे नदी ओलांडायची नावेची फेरी, सुरू केली. १८५७ मध्ये पलीकडच्या काठावर, विस्कॉन्सिनमधील प्रेरी दु शीन येथे, मिलवॉकीहून लोहमार्ग येऊन पोहोचला, आणि आयोवातील गहू पूर्वेकडे नेण्याची वाट मॅकग्रेगरच्या धक्क्यावरून जाऊ लागली. शेतकऱ्यांच्या गाड्या या घळीत रांगा लावून उभ्या राहत. १८७० च्या दशकात येथे पाच हजारांहून अधिक माणसे राहत होती. आज ती साडेसातशेच्या आत आहेत. उतरण लागली ती पुलामुळे. १८७४ मध्ये शेजारच्या नॉर्थ मॅकग्रेगरजवळ रेल्वेचा तरंगता पूल झाला, डबे थेट नदी ओलांडू लागले आणि तरीवरचे गाव बाजूला पडले. जुलै २०१७ मध्ये आलेल्या टोर्नॅडोने मुख्य रस्त्यावरील काही जुन्या इमारतींचे बरेच नुकसान केले. डागडुजी केलेल्या भिंतींत नव्या विटांचा रंग अजून वेगळा ओळखू येतो.

गावाच्या दक्षिणेला कडा चढत गेले, की पाइक्स पीक स्टेट पार्क लागते. वाहनतळापासून कठड्यापर्यंतचे अंतर इतके थोडे आहे, की गुडघ्यांची तक्रार असलेले सासरेही आरामात आले. खाली सुमारे ५०० फुटांवर मिसिसिपी दिसते, पण ती एक नदी म्हणून दिसत नाही. बेटे, दलदली, आंधळे फाटे आणि झाडीतून मधेच चमकणारे पाणी असा सगळा पसारा असतो आणि त्यात मुख्य प्रवाह कोणता हे शोधावे लागते. समोरून विस्कॉन्सिन नदी येऊन तिला मिळते. आम्ही उभे होतो तेवढ्यात एक बोट बार्जांचा लांबलचक तांडा ढकलत वरच्या दिशेने निघाली होती. ती इतकी हळू चालली होती, की सासऱ्यांनी तिच्यावर नजर ठेवून पूर्ण शेंगदाण्याची पुडी संपवली, तरी ती त्याच बेटाच्या आडोशाला होती.

पाइक येथे आला तो सप्टेंबर १८०५ मध्ये. लुइझियानाचा अफाट प्रदेश अमेरिकेने फ्रान्सकडून विकत घेऊन दोनच वर्षे झाली होती. सेनापती जेम्स विल्किन्सन याने या सव्वीस वर्षांच्या लेफ्टनंटला २० शिपाई आणि एक ७० फुटी होडी देऊन सेंट लुईहून मिसिसिपीच्या उगमाकडे पाठविले. वाटेत किल्ल्यांसाठी जागा हेरणे हेही त्याच्या कामात होते. प्रेरी दु शीनला पोहोचल्यावर तो या डोंगरावर चढला. माथा सपाट, मागच्या बाजूला झरा आणि चौफेर दूरवर नजर जाईल अशी मोक्याची जागा पाहून त्याने हीच निवडली. पुढे सरकारने किल्ला बांधला खरा, पण तो या डोंगरावर नव्हे, तर समोरच्या काठावर, प्रेरी दु शीनच्या सखल मैदानात. या डोंगराला पाइकचे नाव तेवढे मिळाले.

कोलोरॅडोतील शिखराची कथा याहून विलक्षण आहे, पण ती प्रतिसादांत येईलच. कोणी या भागात गेले आहे का? आणि मला पडलेला खरा प्रश्न असा, की काही तासांच्या भेटीवर आणि नाकारल्या गेलेल्या शिफारशीवर एखाद्या जागेला माणसाचे नाव का पडावे?

केळ्याचे_शिकरण

धागा आवडला. शेंगदाण्याच्या पुडीने बार्जचा वेग मोजण्याची पद्धत भौतिकशास्त्राच्या पुस्तकात घालायला हवी.

माझी शंका निराळी आहे. या संगमावर पाइकच्या कितीतरी आधी फ्रेंच येऊन गेले होते ना? जेझुइट पाद्री मार्केट आणि लुई जोलिए हे १७ जून १६७३ रोजी विस्कॉन्सिन नदीतून याच ठिकाणी मिसिसिपीत शिरले. दोन होड्या आणि सगळी मिळून सात माणसे. तुम्ही कठड्यावरून जे पाहिले, त्यातील सर्वांत मोठी घटना तीच नव्हे काय? मग डोंगर पाइकच्या नावाचा कसा?

मुळाकाठ

@केळ्याचे_शिकरण, शंका रास्त आहे. मार्केटच्या वाट्याला शेजारचे गाव आले. ज्या नॉर्थ मॅकग्रेगरने मॅकग्रेगरचा रेल्वेव्यापार पळवला, त्याचे नाव १९२० मध्ये बदलून मार्केट असे ठेवण्यात आले. आज प्रेरी दु शीनकडे जाणारा महामार्गाचा पूलही मार्केट-जोलिए या जोडीच्या नावाचा आहे. म्हणजे त्या दोघांना पाण्याच्या पातळीवरच्या वस्तू मिळाल्या आणि पाइकला उंची मिळाली. ते दोघे खालून होडीने निघून गेले आणि हा डोंगर चढून आला, एवढ्या हिशेबाने पाहिले तर वाटणी अगदीच अन्यायाची नाही.

दुर्गवेडा

किल्ल्याचा विषय निघाला म्हणून लिहितो. पाइकने पाहिलेल्या तीन गोष्टी, म्हणजे सपाट माथा, जवळ पाणी आणि चौफेर नजर, या सह्याद्रीत गडाची जागा हेरणाऱ्या कोणालाही पटतील अशाच आहेत. तरीही अमेरिकन सैन्याने खालची जागा घेतली यात मला मूर्खपणा दिसत नाही. आपले गड हे प्रामुख्याने वेढा सोसण्यासाठी आणि घाटवाटांवर नजर ठेवण्यासाठी होते. येथे किल्ल्याचे मुख्य काम होते फरच्या, म्हणजे केसाळ कातड्यांच्या व्यापारावर हुकमत ठेवणे आणि ब्रिटिश व्यापाऱ्यांना हुसकावणे. तो व्यापार प्रेरी दु शीनच्या मैदानात चाले. पाचशे फूट उंचावर तोफा चढवून बसलेल्या तुकडीला खालच्या बेटांच्या जाळ्यातून सरकणारी एक साधी होडी तरी अडवता आली असती का?

शिवाय त्या काळच्या तोफांचा पल्ला आणि नदीचे पात्र यांचा मेळ घातला, तर पलीकडच्या काठावरची वस्ती या डोंगरावरून दिसते, पण राखता येत नाही. नजर आणि मारा या दोन गोष्टी निरनिराळ्या आहेत.

उत्तरायण

मी मॅडिसनला राहते आणि प्रेरी दु शीनला अनेकदा गेले आहे, म्हणून दुर्गवेडा यांच्या मुद्द्याला पुढची गोष्ट जोडते. खालच्या जागेची किंमत सैन्याने पुरेपूर मोजली. १८१४ मध्ये, ब्रिटनशी युद्ध चालू असताना, अमेरिकनांनी तेथे लाकडी गढी उभारली आणि त्याच जुलैत ब्रिटिशांनी ती जिंकून घेतली. युद्ध संपल्यावर १८१६ मध्ये त्याच परिसरात फोर्ट क्रॉफर्ड बांधण्यात आला. १८२६ मध्ये मिसिसिपीला मोठा पूर आला आणि किल्ला पाण्यात गेला. काही काळ तो सोडून द्यावा लागला, आणि पुढे जो दुसरा फोर्ट क्रॉफर्ड बांधला तो उंच जागा पाहून बांधला. उंच म्हणजे पाइकच्या डोंगराएवढी नव्हे, फक्त पुराच्या रेषेच्या वर.

याच दुसऱ्या किल्ल्याच्या काळात सैन्याचे डॉक्टर विल्यम बोमाँट यांनी पचनक्रियेवरचे आपले प्रसिद्ध प्रयोग येथे चालू ठेवले. बंदुकीच्या गोळीने पोटाला पडलेले भोक कधीच न बुजलेला अलेक्सी सां मार्तां हा त्यांचा रुग्ण होता, आणि डॉक्टर त्या भोकातून दोऱ्याला बांधलेले अन्नाचे तुकडे आत सोडून किती वेळात काय विरघळते याची नोंद ठेवीत. अवांतर आहे, पण त्या गावी गेल्यावर हे ठाऊक असावे.

मुळाकाठ

@उत्तरायण, पुराचा हा तपशील मला माहीत नव्हता. म्हणजे पाइकची शिफारस लष्करी दृष्टीने चुकीची असेलही, पण नदीच्या दृष्टीने ती बरोबर होती.

आता कोलोरॅडोविषयी. पाइक पुन्हा १८०६ च्या जुलैत निघाला, या वेळी पश्चिमेकडे, आर्कान्सस नदीच्या बाजूने. नोव्हेंबरात त्याला क्षितिजावर निळ्या ढगासारखा डोंगर दिसला. एका दिवसात जाऊन येऊ अशा अंदाजाने तो काही सोबत्यांना घेऊन निघाला, पण डोंगर जवळ येईना. अंगावर उन्हाळ्यातले सुती कपडे, कमरेपर्यंत बर्फ आणि पोटात काही नाही, अशा अवस्थेत २७ नोव्हेंबरला तो जेमतेम एका शेजारच्या, कमी उंचीच्या डोंगरावर पोहोचला. तेथून त्याला कळले, की खरे शिखर अजून कितीतरी मैल पलीकडे आहे. तो परत फिरला. ते शिखर १८२० मध्ये एडविन जेम्स या वनस्पतिशास्त्रज्ञाने सर केले, आणि त्या मोहिमेच्या प्रमुखाने, स्टीफन लाँग याने, त्याला जेम्सचेच नाव दिले होते. पण फासेपारधी आणि व्यापारी पाइकचेच नाव घेत राहिले आणि शेवटी नकाशानेही त्यांचे ऐकले.

घुमक्कड_आजोबा

सर्वांची क्षमा मागून थोडा कडू सूर लावतो. या धाग्यात पाइककडे फार सहज ‘शोधप्रवासी’ म्हणून पाहिले जात आहे. पाइक हा सैन्याचा अधिकारी होता आणि त्याच्या कामाचा एक भाग जमीन मिळविणे हा होता. मॅकग्रेगरहून वर गेल्यावर त्याच महिन्यात, २३ सप्टेंबर १८०५ रोजी, त्याने मिनेसोटा नदीच्या संगमावर डकोटा या मूळनिवासी लोकांशी करार केला. हजर असलेल्या सात प्रमुखांपैकी दोघांनीच त्यावर खूण केली आणि मोबदल्याच्या रकमेची जागा कोरी ठेवण्यात आली. खुद्द पाइकच्या अंदाजाने जमीन दोन लाख डॉलरची होती. सेनेटने १८०८ मध्ये सुमारे एक लाख एकरांसाठी त्या कोऱ्या जागेत २,००० डॉलर भरले. फोर्ट स्नेलिंग आणि आजच्या मिनियापोलिस-सेंट पॉलचा मोठा भाग त्या जमिनीवर आहे.

ज्या उगमासाठी तो निघाला होता तोही त्याला सापडला नाही. फेब्रुवारी १८०६ मध्ये लीच लेकला पोहोचून त्याने तेच उगमस्थान ठरविले; खरे उगमस्थान इटास्का सरोवर, तेथे स्कूलक्राफ्ट हा दुसरा अमेरिकन प्रवासी १८३२ मध्ये ओजिब्वे या मूळनिवासी जमातीच्या एका वाटाड्याच्या मागून गेला. वाटाड्याला अर्थातच ते आधीपासून ठाऊक होते.

आणि ज्या विल्किन्सनने त्याला पाठविले, तो स्पेनच्या पगारावर होता हे पुढे कागदपत्रांतून सिद्ध झाले आहे. दुसऱ्या मोहिमेत पाइक स्पॅनिश हद्दीत सापडला, तो चुकून की धाडून दिल्यामुळे, यावर इतिहासकार अजून भांडत आहेत.

राहता राहिला तुमचा डोंगर. त्याच्या माथ्यावर, धबधब्याकडे जाणाऱ्या वाटेलगत, अस्वलाच्या आकाराचा मातीचा उंचवटा आहे, तो कोणी पाहिला का? तो सुमारे हजार वर्षांपूर्वीचा आहे. तेथे कोणी तरी पाइकच्या आधी नुसते उभे राहिले नव्हते, तर टोपल्यांनी माती वाहून आपल्या मृतांसाठी आणि देवकांसाठी काही घडवले होते.

मुळाकाठ

आजोबा, क्षमा कशाची? हे लिहायलाच हवे होते. तो उंचवटा आम्ही पाहिला. खरे सांगायचे तर पहिल्यांदा आम्ही त्याच्या बाजूने तसेच पुढे गेलो. जमिनीवरून पाहिले तर गुडघ्याएवढा फुगवटा आणि त्यावर गवत, एवढेच दिसते. फलक वाचून मागे आलो, कडेकडेने फिरलो, तेव्हा पाय कुठे आणि डोके कुठे हे हळूहळू उमगले. दुसऱ्या दिवशी मार्केटच्या उत्तरेला तीन मैलांवर असलेल्या एफिजी माउंड्स या राष्ट्रीय स्मारकात गेलो. तेथे असे दोनशेहून अधिक उंचवटे आहेत, आणि ‘ग्रेट बेअर’ हे अस्वल १३७ फूट लांब आहे. तेथे मात्र आकार चुकत नाही.

‘शोधप्रवासी’ या शब्दाबाबत तुमचे म्हणणे मान्य आहे, पण पाइकला केवळ जमीनबळकाव्या अधिकारी म्हणून सोडून देणेही मला जड जाते. दुसऱ्या मोहिमेत काही शिपायांचे पाय गोठले. त्यांना चालवेना, म्हणून त्याने त्यांना अन्न देऊन मागे ठेवले आणि माणसे परत पाठवीन असा शब्द दिला. मदत पोहोचली तेव्हा दोघांना हलताच येत नव्हते. त्यांनी आपल्या पायांच्या झडलेल्या बोटांची हाडे पाइककडे पाठविली, आम्हाला येथे मरायला सोडू नका अशी विनवणी करून. हे त्याने स्वतःच्या रोजनिशीत लिहून ठेवले आणि छापलेही. लपवता आले असते. पुढे १८१३ च्या एप्रिलात यॉर्क, म्हणजे आजचे टोरोंटो, येथील लढाईत ब्रिटिशांनी माघार घेताना दारूगोळ्याचे कोठार उडवले. त्याच्या दगडांखाली सापडून तो वयाच्या चौतिसाव्या वर्षी गेला.

दुर्गवेडा

एक भर. पाइकला किल्ले बांधायचे वेड होतेच. १८०७ च्या हिवाळ्यात त्याने कोनेहोस नदीकाठी लाकडी गढी उभारली आणि वर अमेरिकेचा झेंडा लावला. त्याची समजूत अशी होती, की आपण रेड नदीच्या खोऱ्यात आहोत. प्रत्यक्षात ते रिओ ग्रांदेचे खोरे होते आणि स्पॅनिश घोडदळाने येऊन त्याला ते अदबीने सांगितले. मॅकग्रेगरला जागा बरोबर निवडली तर किल्ला झाला नाही, आणि तेथे किल्ला झाला तर नदी चुकली.

रांगोळी_दारी

पाइकविषयी पुरेसे झाले असेल, तर त्याच डोंगराने घडवलेल्या एका माणसाविषयी लिहू का? मॅकग्रेगरला मी गेले ती अँड्र्यू क्लेमेन्सच्या बाटल्या पाहायला. याचा जन्म १८५७ चा. पाच वर्षांचा असताना आजारपणात त्याची श्रवणशक्ती गेली. आता या उद्यानात असलेल्या ‘पिक्चर्ड रॉक्स’ या भागातील वालुकाश्मात लोहामुळे पिवळ्या, तांबड्या, तपकिरी, हिरवट अशा अनेक छटा उतरल्या आहेत. क्लेमेन्स ती वाळू आणून चाळे, रंगांप्रमाणे वेगळी करी आणि औषधाच्या गोल बुडाच्या बाटल्यांत काडीने व आकड्याने कणाकणाने भरून चित्रे काढी. डिंक नाही, रंग घातलेला नाही. केवळ दाबाने वाळू जागच्या जागी राहते.

आणि यातली मेख अशी, की बाटलीचे तोंड खाली येणार असल्याने चित्र उलटे भरावे लागे, म्हणजे आकाश आधी आणि जमीन शेवटी. शिवाय दिसणारी बाजू काचेला चिकटलेली, म्हणजे चित्राची फक्त बाहेरची साल रंगीत. आत नुसती वाळू ठासलेली. रांगोळीत चूक झाली तर आपण बोटाने पुसतो आणि पुन्हा चिमूट सोडतो. येथे दोन बोटे खाली चूक झाली, तर वरचे सगळे काढावे लागणार. झेंडा, गरुड, मिसिसिपीवरील आगबोट, गिऱ्हाइकाचे वळणदार अक्षरांत नाव, हे सारे त्याने असे भरले. आगबोटीच्या चिमणीतून निघणाऱ्या धुराची छटा मी भिंग मागून घेऊन पाहिली. ती तीन निरनिराळ्या राखाडी वाळूंची होती. आपल्या हयातीत तो या बाटल्या काही डॉलरना विकत असे. आता त्या लिलावात लाखो डॉलरना जातात. १८९४ मध्ये तो वारला.

गावातील संग्रहालयात त्याच्या काही बाटल्या ठेवल्या आहेत. संग्रहालय हंगामी आहे, त्यामुळे जाण्यापूर्वी वेळ विचारून घ्यावी. उद्यानातून वाळू उचलण्यास मनाई आहे, हे येथील रांगोळीप्रेमींसाठी मुद्दाम सांगते.

केळ्याचे_शिकरण

म्हणजे त्या डोंगराचा खरा उपयोग ज्याने केला, त्याचे नाव डोंगराला नाही. मुळाकाठ, तुमच्या मूळ प्रश्नाचे उत्तर मिळाले का?

मुळाकाठ

अर्धे मिळाले. किल्ला झाला असता, तर झाडी तुटली असती, माथा सपाट करताना अस्वलाचा उंचवटा बहुधा गेला असता आणि वाळूच्या कड्यांतून दगड काढला गेला असता. डोंगर मॅकग्रेगर कुटुंबाच्या ताब्यात राहिला, वारसांनी तो सरकारला दिला आणि १९३० च्या दशकात तो आयोवा राज्याकडे आला. नाकारलेल्या शिफारशीचे नाव एखाद्या जागेला द्यायचेच असेल, तर ते येथे शोभते, असे मला हळूहळू वाटू लागले आहे. महाबळेश्वरला विल्सन पॉइंटवर सूर्योदय पाहताना विल्सन कोण, हे मी चाळीस वर्षांत एकदाही विचारले नाही, हेही कबूल करतो.

@रांगोळी_दारी, संग्रहालय आम्ही गेलो त्या दिवशी बंद होते, म्हणून बाटल्या राहिल्या. तुमचा प्रतिसाद सासऱ्यांना वाचून दाखवला. मे महिन्यात पुन्हा जायचे ठरले आहे, आणि या वेळी भिंग त्यांनी स्वतःचे काढून ठेवले आहे.